हिरोच्या मित्राला एकच ओळ?

संपादक साहेब, नमस्कार,

तुमच्या पेपरातली सिनेमाची परीक्षणं मी न चुकता वाचतो, म्हणजे खरं सांगायचं तर आधी स्टार किती दिलेत ते बघतो आणि मग वर जाऊन वाचायला घेतो. रॉमकॉम, म्हणजे हलकीफुलकी विनोदी प्रेमकथा असली की मजकूर ठरलेलाच. जोडीची केमिस्ट्री, गाणी, लोकेशन, दिग्दर्शक, आणि अगदी शेवटी जागा उरली तर "अमुक तमुकने चांगली साथ दिली आहे". अहो साथ कसली, अख्खी मैफल त्यानेच सांभाळलेली असते!

परवा टीव्हीवर 'बरेली की बर्फी' (२०१७) परत लागला होता म्हणून हे लिहितोय. आयुष्मान (चिराग) आणि क्रिती सनन (बिट्टी) दोघंही छान आहेत, तक्रार नाही, पण राजकुमार राव येईपर्यंत आमच्याकडे एक जण मोबाईलमध्ये आणि एक जण डुलक्या घेत होता. मग तो येतो. प्रीतम नावाचा साडीच्या दुकानातला सेल्समन, गिऱ्हाइकासमोर स्वतःच्या अंगावर साडी नेसून दाखवणारा, मान खाली, आवाज घशातच. त्याला धरून आणतात आणि दमदाटी करून रंगबाज, म्हणजे टगा, बनवतात, म्हणजे पोरीने बघताच नको म्हणावं. आता गंमत बघा, तो रंगबाज झाल्यावरही आतला घाबरट प्रीतम पूर्ण जात नाही, बिट्टीसमोर गुंड आणि चिरागसमोर गोगलगाय, आणि हा बदल तो नुसत्या खांद्यांनी आणि नजरेने करतो, त्यासाठी डायलॉग लागत नाही त्याला. मोबाईल खाली गेला, डुलकी उडाली. २०१८ला फिल्मफेअरचं सहाय्यक अभिनेत्याचं अवॉर्ड मिळालं ते उगाच नाही.

कारण सरळ आहे. रॉमकॉममध्ये शेवटी दोघं एकत्र येणार हे पोस्टर बघूनच कळतं. मग दोन तास बघायचं काय? भांडण, गैरसमज, पाऊस. हिरो-हिरोईनला फार वेडंवाकडं वागता येत नाही, त्यांना गोड दिसायचं असतं. मार खाणं, फजिती होणं, "अरे मूर्खा, जाऊन सांग ना तिला" हे आपल्या मनातलं वाक्य बोलणं, ही सगळी कामं मित्राची. 'येस बॉस' (१९९७) मध्ये शाहरुख-जुही असतानासुद्धा आपण अशोकमामांची वाट बघत बसतो की नाही? (मराठी माणूस म्हणून थोडा पक्षपात धरा त्यात.)

आणि हे काही आजचं नाही. 'प्यार किये जा' (१९६६) मध्ये शशी कपूर आणि किशोरकुमार दोघंही होते, पण आज कुणालाही विचारा, आठवतो तो मेहमूद, ओमप्रकाशला भुताच्या पिक्चरची स्टोरी ऐकवणारा. तोंडाने एकेक आवाज काढतोय, आणि समोर ओमप्रकाशचा चेहरा हळूहळू पडत चाललाय. माझ्या मते त्या सीनची निम्मी मजा ऐकणाऱ्याची आहे, तो घाबरला नसता तर मेहमूद नुसताच ओरडत बसला असता. टायमिंग टायमिंग म्हणतात ते हे, दुसऱ्याच्या वाक्यावर किती वेळ गप्प राहायचं ते.

त्या रोलसाठी मेहमूदला १९६७ला फिल्मफेअरचं विनोदी भूमिकेचं अवॉर्ड मिळालं, आणि त्या कॅटेगरीतलं ते पहिलंच. शेवटचं २००७ला अर्शद वारसीला, मग कॅटेगरीच बंद. ठीक आहे, आता मुख्य हिरोच कॉमेडी करतात असं म्हणता येईल, पण मग ज्याने पिक्चर ओढून नेला त्याने कुठे उभं राहायचं? सहाय्यक अभिनेत्याच्या कॅटेगरीत, गंभीर रडणाऱ्या बापाशी आणि खलनायकाशी एकाच रांगेत, आणि तिथे रडणाराच जिंकतो बहुतेक वेळा.

सरसकट कौतुक करा असं अजिबात म्हणणं नाही माझं. मित्राला जाड दाखवून किंवा तोतरं बोलायला लावून हशे काढणारे पिक्चर ढिगाने आहेत, तिथे खुशाल झोडपा, नाव घेऊन झोडपा. पण नाव घ्या. पुढच्या परीक्षणात केमिस्ट्रीचा एक परिच्छेद कापला तरी चालेल, ती आम्हाला ट्रेलरमध्ये दिसलेली असते. त्या जागेत हसवणाऱ्याने नेमकं काय केलं तेवढं लिहा.

आपला,
स्टार आधी बघणारा एक वाचक