बेकायदा व्यवहाराचा ठपका ठेवून कायमचे बंद केलेले खाते पुन्हा तपासण्याबाबत

बेळगाव,
दिनांक ६ ऑक्टोबर २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन खेळ विभाग

महोदय,

आपल्या कंपनीच्या ऑनलाइन खेळाची मी ऑगस्ट २०१९ पासूनची वर्गणीदार आहे. मासिक वर्गणी आणि दोन विस्तारित भाग मिळून मी आजवर १८,६४० रुपये भरले असून प्रत्येक रकमेची पावती माझ्याकडे आहे. मंगळवार, दिनांक १६ सप्टेंबर २०२५ रोजी रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी माझे खाते कायमचे बंद केल्याची सूचना पडद्यावर आली. तीत कारणे दोन होती: खेळातील सोने खऱ्या पैशांना विकणे आणि खाते दुसऱ्याला वापरायला देणे. ही दोन्ही कामे मी कधीही केलेली नाहीत. १७ सप्टेंबरला केलेल्या माझ्या अपिलाला अकरा मिनिटांत उत्तर आले आणि २२ तारखेला पुराव्यांसह केलेल्या दुसऱ्या अपिलालाही तेच उत्तर, अगदी स्वल्पविरामासकट, आले. अकरा मिनिटांत कोणी माझी सहा वर्षांची नोंद उघडून वाचली असेल यावर माझा विश्वास बसत नाही, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

नियम सैल करा असे माझे मागणे नाही, हे आधीच स्पष्ट करते. सोने विकणाऱ्यांनी या खेळाचे काय केले आहे ते मी रोज पाहत होते. रात्री अडीच-तीनला खाणीच्या नकाशावर गेले की अर्थहीन अक्षरांच्या नावांची आठ पात्रे एकामागोमाग एक त्याच पायवाटेने जाताना दिसतात, त्याच खडकावर घण घालतात आणि थैली भरली की त्याच दगडापाशी वळतात. वाटेत आडवे उभे राहिले तर ती थांबत नाहीत, जागच्या जागी पाय हलवत राहतात. माणसाशिवाय आपोआप चालणाऱ्या या बॉटांनी बाजारात ओतलेल्या लोखंडामुळे नव्या खेळाडूने तासभर खपून केलेल्या तलवारीला भाव राहिलेला नाही. विक्रीचे सोने केवळ बॉटांकडूनच येते असेही नाही, चोरलेल्या खात्यांतूनही ते येते. मार्च ते सप्टेंबर या काळात मी अशी नऊ पात्रे आपल्याकडे रिपोर्ट केली. माझे खाते बंद होण्याच्या आदल्या दिवशी त्यांतली पाच तशीच फिरत होती.

आता ज्या व्यवहारावरून माझ्यावर कारवाई झाली असावी असे मला वाटते, तो सांगते. आमच्या गिल्डमध्ये, म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांच्या गटात, तेवीस जण आहेत. काही बेळगाव, खानापूर आणि निपाणीचे, काही सीमेपलीकडचे, चंदगड आणि गडहिंग्लजचे. व्यवसायाने मी हिशेबनीस असल्यामुळे गिल्डचा खजिना माझ्याकडे आला. ऑगस्टच्या अखेरीस आमच्यातील एका मुलाचे खाते, मोफत भेटवस्तूची खोटी लिंक पाठवून, कोणी तरी हॅक केले आणि त्याचे सोने, शस्त्रे, चिलखत सगळे लुटले. चोरी झाल्याचे आपल्याच मदत विभागाने मान्य केले आणि खाते परत दिले, परंतु गेलेला माल दिला नाही. म्हणून रविवारी, १४ सप्टेंबरला, सर्वांच्या संमतीने मी खजिन्यातून त्याला ४,२०,००० नाणी आणि एक चिलखत दिले आणि त्याबदल्यात एक पैसाही घेतला नाही. खजिन्याचा हिशेब मी हिरव्या पुठ्ठ्याच्या वहीत, ऑफिसात ठेवते तसाच, जमा, नावे (म्हणजे दिलेले) आणि शिल्लक असे रकाने आखून लिहिते. त्या दिवशीच्या ओळीत नावे बाजूला ‘४,२०,०००, चोरी झालेल्या सभासदास मदत, परतफेड नाही’ असे लिहिलेले आहे. त्या पानाचे छायाचित्र सोबत जोडले आहे.

एकतर्फी व्यवहार दिसला की संशय घ्यायचा, ही पद्धत मला समजते. सोने विकणारा आपले पैसे खेळाबाहेर घेतो, त्यामुळे खेळाच्या नोंदीत त्याचे फक्त देणे दिसते. पण मदत, उसनवारी आणि भेट यांचीही नोंद नेमकी अशीच दिसते. रूनस्केप हा खेळ चालवणाऱ्या जॅगेक्स या ब्रिटिश कंपनीने सोन्याची विक्री थांबवण्यासाठी २००७च्या अखेरीस आणि २००८च्या सुरुवातीला असमान देवाणघेवाणीवरच मर्यादा घातल्या, आणि पुढे खेळाडूंचा कौल घेऊन फेब्रुवारी २०११ मध्ये त्या उठवल्या. त्या मर्यादांमुळे प्रामाणिक खेळाडूंचीही अडचण झाली, तरी त्यात एक सरळपणा होता: मर्यादेपलीकडचा व्यवहार मुळात होऊच दिला जात नव्हता. आपल्या खेळात मात्र व्यवहार विनातक्रार होऊ दिला जातो आणि दोन दिवसांनी खाते जाते.

दुसरा ठपका अकाउंट शेअरिंगचा. आपल्या सूचनेत ‘एकाच दिवशी दोन राज्यांतून लॉगिन’ असे शब्द आहेत. माझे घर बेळगावच्या शहापूर भागात आहे आणि नोकरी शिनोळीच्या कारखान्यात. हिंडलगा, सुळगा करीत बाची ओलांडले की महाराष्ट्र सुरू होतो आणि लगेच शिनोळी येते. इकडची शेकडो माणसे रोज सकाळी तिकडे कामाला जातात आणि संध्याकाळी परततात. मोबाइल सेवेच्या परवान्यांसाठी कर्नाटक हे एक क्षेत्र आहे, तर महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरे. शिवाय मोबाइल इंटरनेटवरून दिसणारे ठिकाण बहुधा जवळच्या टॉवरचे नसते, सेवा देणाऱ्या कंपनीच्या मोठ्या केंद्राचे असते. त्यामुळे सकाळी चहा घेताना मी खेळात डोकावले तर आपल्या संगणकाला मी बेंगळूरला दिसत असेन आणि दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत पुण्याला. मी तेवढ्यात गेलेली असते जेमतेम तासाभराच्या वाटेवर. फोन दोन्ही वेळा एकच असतो, आणि त्याची ओळख आपल्याकडे नोंदलेली आहे. सीमाभागात राहणाऱ्या माणसाचे रोजचे येणे-जाणे हाच जर लबाडीचा पुरावा धरला जाणार असेल, तर आमच्या गिल्डमधील निम्म्या सभासदांची खाती उद्या जाऊ शकतात.

घरच्या जोडणीचीही अशीच गोष्ट आहे. माझ्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवर जोडणी ओळखण्याच्या क्रमांकावरून, सोने विकणारे दुसरे एक खाते चालत होते, असेही आपण कळवले आहे. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४चे, पत्ते जगभरात मिळून सुमारे ४२९ कोटीच आहेत. ते अपुरे पडतात, म्हणून अनेक इंटरनेटवाले एका सार्वजनिक पत्त्यामागे कितीतरी घरे जोडतात. आमच्या केबलवाल्याला मी स्वतः जाऊन विचारले आणि आमच्या गल्लीतही तसेच असल्याचे त्याने सांगितले. त्या पत्त्यामागच्या कोणत्या घरात काय चालते, याची जबाबदारी माझ्यावर कशी येते, हे मला कळत नाही. घराघरांतील यंत्रे वेगळी ओळखण्याची सोय आपल्या प्रणालीत आहे, कारण फसवणूक करणाऱ्याचे यंत्रच बंद करण्याची शिक्षा आपल्या नियमावलीत लिहिलेली आहे.

त्याच नियमावलीत शिक्षेच्या पायऱ्याही आहेत: प्रथम ताकीद व सोने परत घेणे, मग काही दिवसांची बंदी, आणि वारंवार गुन्हा घडल्यास कायमची बंदी. भिंतीआडचे दाखवणारी किंवा आपोआप नेम धरणारी सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला पहिल्याच वेळी कायमचे काढले जाते, आणि ते योग्यच आहे, कारण तसे सॉफ्टवेअर चुकून चालू होत नाही. माझ्यावर सहा वर्षांत एकही ताकीद नव्हती. तरी मला एकदम शेवटच्या पायरीवर नेले, आणि खाणीतले ते पाच जण तसेच राहिले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

हा ठपका माझ्यापुरता खेळात राहत नाही, हेही आपल्या कानावर घालते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाल्यापासून ‘तुमचा खेळही त्यातलाच का?’ असे मला ऑफिसात विचारले जाते. अशा दिवसांत ‘पैशांच्या बेकायदा व्यवहारामुळे खाते बंद’ हे शब्द दुसऱ्यांच्या पैशांचा हिशेब सांभाळणाऱ्या बाईच्या नावापुढे लागणे किती जड जाते, याचा आपण विचार करावा.

ई-वाणिज्याच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे आणि एका महिन्यात तक्रारीचे निवारण करणे बंधनकारक आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याची मुभा देणारी अट, तसेच झालेल्या हानीच्या मानाने अवाजवी दंड लादणारी अट, अनुचित मानलेली आहे. म्हणून माझी विनंती अशी की, १४ सप्टेंबरचा व्यवहार आणि माझ्या लॉगिनच्या नोंदी यंत्राने नव्हे तर माणसाने तपासाव्यात. ज्या नोंदीवर कारवाई केली ती मला दाखवावी. आणि दोष आढळला नाही तर खाते व खजिना पूर्ववत करून ठपका लेखी मागे घ्यावा. खजिन्यातील सोने माझे एकटीचे नाही, ते तेवीस जणांचे आहे, त्यामुळे निर्णय होईपर्यंत ते पुसले जाऊ नये, ही विनंती सर्वात तातडीची आहे. महिन्याभरात उत्तर न आल्यास मी प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि त्यानंतर बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

चौकशीसाठी फोन करायचा झाल्यास मी सायंकाळी सातनंतर घरी असते. मराठी, कन्नड किंवा हिंदी, कोणत्याही भाषेत विचारले तरी चालेल.

कळावे.

आपली विश्वासू,
खातेदार व गिल्डची खजिनदार,
शहापूर, बेळगाव

सोबत: वर्गणीच्या पावत्या, खजिन्याच्या वहीतील पानाचे छायाचित्र, कारखान्याच्या हजेरीपत्रकाची प्रत, दोन्ही अपिले व त्यांची उत्तरे