ऑटोमॅटिक टाकायचाय? आधी इंजिन बघा

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुनी जीप-पिकअप, डॉज, फार्गो असल्या गाड्या पुन्हा उभ्या करायची हौस आपल्या भागात वाढली आहे. त्यासोबत "क्लचची कटकट कशाला, ऑटोमॅटिक टाकून द्या" हा सल्लाही जागोजागी मिळतो. सल्ला वाईट नाही. पण देणारा गिअरबॉक्सचं नाव सांगून मोकळा होतो, बॉनेट उघडून इंजिन कोणतं ते पाहत नाही. इकडच्या बहुतेक जुन्या गाड्यांचं मूळ पेट्रोल इंजिन कधीच भंगारात गेलं, त्या जागी डिझेल बसलं. तिथेच सगळं बिनसतं.

जनरल मोटर्सचा टीएच-३५० हा १९६९ पासूनचा तीन गिअरचा गिअरबॉक्स. साधा, दणकट, कॉम्प्युटर नाही, म्हणून सगळे त्याचंच नाव घेतात. इंजिनवर भार किती आहे हे त्याला इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या वाटेच्या) व्हॅक्यूमवरून कळतं. पाय दाबला की व्हॅक्यूम उतरतो, मॉड्युलेटर (व्हॅक्यूमच्या नळीवर चालणारी डबी) आतल्या ऑइलचा दाब वाढवतो आणि क्लच प्लेटा घट्ट धरतात. डिझेल इंजिनाला सहसा हवेच्या वाटेवर बटरफ्लाय (हवा अडवणारी झडप) नसतो, म्हणजे मॅनिफोल्डला हा व्हॅक्यूमच नाही. मॉड्युलेटरची नळी मोकळी सोडली तर गिअरबॉक्सला वाटतं, पाय कायम तळाला आहे; गिअर उशिरा पडतात आणि प्रत्येक गिअरला झटका बसतो. मग कोणीतरी डोकं चालवून ती नळी ब्रेक बूस्टरच्या व्हॅक्यूम पंपाला जोडतो. झटके गायब, गाडी लोण्यासारखी चालते, मालक खूश. खरा घात इथे होतो. पंपाचा व्हॅक्यूम भारानुसार बदलत नाही, तो कायम भरपूर. गिअरबॉक्स समजतो की गाडी रिकामी आहे, पाय वर आहे, आणि दाब कमी ठेवतो. मागे कापसाचे बोंद लादलेले असताना प्लेटा घसरत राहतात. डिपस्टिक काढून बघा: लाल ऑइल तपकिरी झालेलं आणि जळका वास.

यावर उपाय आहे. इंजिनाला डिझेल देणाऱ्या पंपाच्या लिव्हरवर एक व्हॉल्व्ह बसतो, तो पाय दाबेल तसा व्हॅक्यूम कमी करतो. जनरल मोटर्सने स्वतःच्या ६.२ लिटर डिझेलला हीच सोय केली होती. पण आमचं मत विचाराल तर डिझेलला व्हॅक्यूमचा गिअरबॉक्स घेऊच नये. ७००-आर४ आणि २००-४आर हे चार गिअरचे गिअरबॉक्स भार ओळखतात ते टीव्ही केबलवरून (थ्रॉटल व्हॉल्व्हची, पेडलसोबत ओढली जाणारी तार), आणि ती केबल पेट्रोल असो की डिझेल, पेडलने हलणाऱ्या लिव्हरला बांधता येते. मात्र तिची सेटिंग जीव की प्राण आहे. इंजिन बंद ठेवून पेडल तळाला दाबलं की केबल पूर्ण ओढली गेली पाहिजे, पेडल सोडल्यावर तिच्यात ढिलाई दिसता कामा नये. केबल सैल राहिली तर दाब कमी पडतो आणि ७००-आर४ चा तिसऱ्या-चौथ्या गिअरचा क्लच थोड्याच दिवसांत जळतो. लोक गिअरबॉक्सला शिव्या देतात; दोष पाच मिलिमीटर सैल तारेचा असतो. ७००-आर४ घ्यायचाच तर १९८७ किंवा त्यानंतरचा घ्या, आधीच्यांत आतला ऑइल पंप आणि इनपुट शाफ्ट (ताकद आत आणणारा दांडा) कच्चे होते.

गिअरचं गणित कागदावर मांडून बघा. जुन्या जीपच्या क्राऊन-पिनियनचं (अॅक्सलमधल्या गिअरचं) प्रमाण ५.३८ आणि टायर ६.००-१६ धरले, तर टॉप गिअर एकास एक असताना ताशी ६० किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे २४०० फेऱ्यांवर आणि ८० ला ३२०० वर जातं. डिझेल तिथे नुसतं ओरडतं. ७००-आर४ चा चौथा गिअर ०.७०, म्हणजे ८० ला जेमतेम २२०० फेऱ्या. पण त्याचा पहिला गिअर ३.०६ चा, ५.३८ सोबत तो पंचविशीच्या आत संपतो आणि पुढचा गिअर थेट १.६३. तीन हजारावरून इंजिन सोळाशेवर आपटतं, ओझं असलं की धापा टाकतं. २००-४आर चे गिअर २.७४, १.५७, १ आणि ०.६७. टू-व्हील-ड्राइव्ह डिझेल पिकअपला हाच जास्त शोभतो. फोर-व्हीलला ७००-आर४ बरा, कारण तो कारखान्यातूनच ट्रान्सफर केससह (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) यायचा. तरीही जुन्या जीपच्या ट्रान्सफर केसचं मागचं तोंड एका बाजूला सरकलेलं असतं, त्यामुळे अडॅप्टर वेगळाच लागतो. मूळ पेट्रोल इंजिन शाबूत असेल तर टीएच-३५० डोळे मिटून टाका.

डिझेलसाठी गव्हर्नरची (गाडीच्या वेगावरून गिअर बदलवणाऱ्या भागाची) वजनं आणि स्प्रिंगही बदलावी लागतात. पेट्रोलच्या हिशेबाने तो फुल पेडलला साडेचार हजाराच्या आसपास गिअर बदलतो. साडेतीन हजारावर अडणारं डिझेल तिथे पोचतच नाही आणि गाडी पहिल्याच गिअरमध्ये बोंबलत राहते. भंगारात आलेल्या नव्या एसयूव्हीचा गिअरबॉक्स स्वस्त दिसतो, पण त्याच्या कॉम्प्युटरशिवाय तो नुसता लोखंडाचा गोळा.

इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी अडॅप्टर प्लेट लेथवर होते, पण क्रँकचा मध्य आणि बेलहाउसिंगचा (गिअरबॉक्सच्या पुढच्या कवचाचा) मध्य यांत ०.१३ मिलिमीटरच्या वर फरक चालत नाही. डायल गेज लावूनच बघायचं. नाहीतर गिअरबॉक्सच्या ऑइल पंपाचा बुश खाल्ला जातो आणि पुढचं सील महिन्याभरात गळतं. कन्व्हर्टर (क्लचऐवजी ऑइलमधून ताकद पोचवणारा डबा) बसवताना तो फिरवत आत ढकलायचा. तीनदा खट्ट होऊन खोल बसतो. गिअरबॉक्स इंजिनाला जुळल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपर्यंत (क्रँकवरच्या चकतीपर्यंत) तीन ते पाच मिलिमीटर फट राहिली पाहिजे. बोल्ट आवळून ओढून घेतला की पंप फुटलाच. कोरड्या गिअरबॉक्सला कन्व्हर्टर धरून साडेनऊ-दहा लिटर डेक्स्रॉन हे ऑटोमॅटिकचं ऑइल लागतं: आधी चार-पाच लिटर, मग स्टार्ट करून लगेच बाकीचं. लेव्हल सपाट जागी, ऑइल गरम असताना, इंजिन चालू आणि गिअरची लिव्हर पी (पार्क) वर ठेवून बघायची. गाडीत जुनाच कूलर आणि नळ्या असतील तर त्या आधी धुवून घ्या, नाहीतर जुन्या प्लेटांचा भुसा नव्या गिअरबॉक्समध्ये जातो.

कूलरवर पैसे वाचवणं म्हणजे इकडच्या उन्हाळ्याशी पैज लावणं. हाताने गिअर टाकायच्या गाडीच्या रेडिएटरमध्ये ऑइलसाठी वेगळी टाकी नसते, म्हणून बाहेरचा कूलर लागणारच. तो रेडिएटरच्या तोंडावर ठेवला तर इंजिन तापतं. बाजूला ठेवून स्वतःचा इलेक्ट्रिक पंखा द्या. ऑइल ८० ते ९५ अंशांत राहावं, १२० च्या वर गेलं की थांबा. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आवारातले तंतू आणि रस्त्याची धूळ मिळून कूलरच्या जाळीवर नमदा बसतो. आठवड्याला मागच्या बाजूने पाणी मारा.

कागदपत्रांचंही बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, त्यामुळे आरटीओला आधी विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. पन्नाशी ओलांडलेल्या गाडीची २०२१ च्या नियमांखाली व्हिंटेज नोंदणी करायची असेल तर गाडी मूळ रूपात लागते. मग ऑटोमॅटिकचा नाद सोडा.

वापरातल्या सवयीही बदलतात. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना लिव्हर ओव्हरड्राइव्हवर (चौथ्या गिअरवर) ठेवली तर इंजिनचा ब्रेक नावापुरता मिळतो, सगळा भार ब्रेक लायनरवर येतो; वेग कमी करून दोन नंबर लावा. काळ्या मातीत गाडी फसली की डी आणि आर मध्ये पुढेमागे झुलवत राहण्याचा मोह होतो. पाच-सहा वेळांनंतर न्यूट्रलला टाकून ऑइल निवू द्या. बॅटरी बसली तर धक्का मारून ही गाडी सुरू होत नाही, कारण गिअरबॉक्सचा ऑइल पंप इंजिनावर फिरतो आणि इंजिन बंद असताना आतल्या क्लचला दाबच मिळत नाही. टोचनचंही तेच: मागची चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर आतले बुश कोरडे फिरतात. वावरातून ट्रॅक्टरने गाडी काढायची असेल तर आधी प्रोपेलर शाफ्टचे नट खोला आणि शाफ्ट तारेने चेसिसला वर बांधा. दहा मिनिटांचं काम आहे.

आपले,
गॅरेज चालक,
ता. आर्णी, जि. यवतमाळ