ऑम्लेट उलटू नका, झाका

ती. आई आणि बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून ऑम्लेटचं सगळं लिहूनच पाठवते आहे. आईचं मनगट बरं होईपर्यंत न्याहारी बाबांकडे आहे, तेव्हा हे मुख्यतः बाबांसाठी. पण आई, तूही वाच. कवळीला ऑम्लेट चिवट लागतं ही तक्रार तुझी आहे आणि तिचं उत्तर यातच आहे.

चिवटपणा येतो तो आचेमुळे. फेटलेलं अंडं साधारण ७३ अंश सेल्सिअसला घट्ट होतं. त्यापुढे ते तापत राहिलं की त्यातली प्रथिनं आवळत जातात आणि पिळलेल्या फडक्यासारखं पाणी बाहेर टाकतात. ताटलीत पाणी सुटतं आणि तोंडात रबर येतं. मोठ्या गॅसवर खालची बाजू करपते तरी वरची कच्चीच राहते. ती शिजावी म्हणून आपण ऑम्लेट उलटतो, तोवर पहिली बाजू वाळून गेलेली असते. म्हणून बाबा, उलटायचंच नाही. वर झाकण ठेवायचं, वाफेवर वरची बाजू आपोआप शिजते. तुटायची भीती नाही, हाताला झटकाही नाही.

आता अंडी. एका माणसाला दोन. गावरान असतील तर तीन, कारण ती लहान असतात. (तपकिरी कवच म्हणजे गावरान असं नाही हं. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर असतो, त्यासाठी जास्त पैसे देऊ नका.) एका अंड्यातून साधारण ६ ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि तुमच्या वयात ती पोटात जायलाच हवीत. शंका आली तर अंडं पाण्यात सोडून बघा: आडवं पडलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं पण चालणारं, तरंगलं तर टाकून द्या. आणल्या आणल्या धुऊन ठेवू नका, कवचावरचा नैसर्गिक थर जातो. फोडायच्या आधी धुवा. प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडा, म्हणजे एखादं खराब निघालं तर बाकीची वाचतात. बलकाला चिकटलेली पांढरी दोरी दिसते ती अंड्याचाच भाग आहे, काढत बसू नका.

दोन अंड्यांना दोन चिमूट मीठ, चिमूटभर हळद आणि दोन छोटे चमचे दूध किंवा पाणी. दूध जास्त घातलं की ऑम्लेट फुगतं असं वाटतं, पण ते अंड्यात धरून राहत नाही, तव्यावर सुटतं. काट्याने तीसेक वेळा फेटा. पांढऱ्याचे पट्टे दिसेनासे झाले की थांबा, फेस काढायची गरज नाही. मग वाटी पंधरा मिनिटं तशीच राहू द्या, तोवर चहा होतो. हे टाळू नका. मिठामुळे प्रथिनं एकमेकांना फार घट्ट बिलगत नाहीत, ऑम्लेट मऊ राहतं आणि पाणीही कमी सोडतं. रंग थोडा गडद होईल, तो तसाच होतो.

कांदा दोन मोठे चमचे, अगदी बारीक. जाड तुकडे राहिले की ऑम्लेट त्या जागी फाटतं आणि आईला चावायलाही त्रास. कच्चा कांदा अंड्यात आधीपासून भिजवून ठेवला तर मिठाने त्याला पाणी सुटतं, म्हणून तो थेंबभर तेलावर दोन मिनिटं परतून घ्या आणि गार झाल्यावर, अगदी शेवटी, मिसळा. सोबत अर्धी हिरवी मिरची आणि मूठभर कोथिंबीर. टोमॅटो हवाच असेल तर बिया आणि गर काढून. पालक असेल तर परतून, पिळून.

भांड्याबद्दल माझा आग्रह आहे. पोळ्यांचा तवा घेऊ नका. तो कोरडा तापवलेला असतो, करपलेलं पीठ त्यावर चिकटलेलं असतं आणि अंडं नेमकं तिथेच धरतं. डोशाचा मोठा तवाही नको, त्यावर दोन अंडी पसरून कागदासारखी होतात. तळ साधारण २० सेंटीमीटरचा असेल असा छोटा नॉनस्टिक पॅन आणि लाकडी उलथनं घ्या. हा पॅन रिकामा तापवायचा नाही, त्याच्या थराला फार उष्णता सोसत नाही. तेल घालूनच गॅस लावा.

एक छोटा चमचा तेल, मध्यम आच, साधारण एक मिनिट. मग उलथन्याच्या टोकाने अंड्याचा एक थेंब टाकून बघा. हलकेच चुरचुरून दोन सेकंदांत पांढरट झाला तर पॅन तयार. तडतडून लगेच तपकिरी झाला तर गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा. नुसता पडून राहिला तर अजून तापू द्या, गार पॅनवर अंडं चिकटतं. लोण्याची चव हवी असेल तर ते तेलाबरोबर अर्धा चमचा घाला. एकटं लोणी लवकर जळतं.

आता सगळं अंडं एकदम ओता. पहिली वीस सेकंदं हात थांबवायचा नाही: कडेने घट्ट झालेलं अंडं उलथन्याने मध्याकडे ओढा, पॅन थोडा तिरका करा, पातळ अंडं मोकळ्या जागेत वाहू द्या. असं चार-पाच ठिकाणी केलं की मऊ घड्या पडतात. वाहतं अंडं जवळजवळ संपलं की गॅस अगदी मंद करून झाकण ठेवा. एक ते दीड मिनिटाने उघडा. वरचा ओला चकाकता थर गेलेला असला पाहिजे आणि मध्ये दाबल्यावर काही वाहता कामा नये. चकाकी राहिली असेल तर गॅस बंद करून झाकण आणखी अर्धा मिनिट ठेवा. पॅनच्या उष्णतेत तेवढं होतं.

मधे कच्चट ठेवलेलं ऑम्लेट काहींना आवडतं, पण तुम्ही ते करू नका. अंड्यात साल्मोनेला नावाचा जंतू असू शकतो आणि वयस्कर माणसाला तो फार त्रास देतो. नीट घट्ट झालेलं अंडं ७१ अंशांच्या वर गेलेलं असतं, तेवढं सुरक्षेला पुरतं. मऊ आणि पूर्ण शिजलेलं, दोन्ही एकदम जमतं, घाई फक्त नको. अर्धं दुमडून ताटलीत सरकवा आणि लगेच खा. गरम पॅनमध्ये ठेवून दिलं तर ते शिजतच राहतं, हिरवट होतं आणि आईला नको असलेला तो हिवस वास सुटतो.

रविवारचा कोंबडीचा रस्सा उरला असेल तर सोमवारी गोव्यासारखं रस ऑम्लेट करा. तिथे संध्याकाळी गाड्यांवर शाकुतीचा (तिथल्या मसालेदार रश्श्याचा) रस ऑम्लेटवर ओतून देतात, वर कच्चा कांदा, लिंबू, सोबत पाव. आपला खोबऱ्याचा रस्साही छान लागतो. दोन पळ्या रस्सा थोडं पाणी घालून चांगला उकळवा, ऑम्लेटमध्ये कांदा-मिरची घालू नका आणि ते पानात वाढल्यावरच वरून रस्सा ओता. आई, तुझ्या कवळीला याहून मऊ न्याहारी नाही. वरचा कच्चा कांदा मात्र बाबांनाच.

भांडी आधी गार पाण्याने धुवा. गरम पाण्याने उरलेलं अंडं शिजून चिकटतं. अंडी हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, ओटाही पुसायचा. पॅनला बसेल असं झाकण घरात नसेल तर तळाचा नाही, वरच्या काठाचा व्यास मोजून कळवा, मी काचेचं पाठवते.

तुमची,
लेक