वास नाही म्हणजे जंतू नाहीत, असे नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अन्नातले घातक जीवाणू वासावरून ओळखणाऱ्या सेन्सरबद्दल हल्ली बरेच छापून येते. पाकिटात चिकटवायचा कागद, मोबाइलने वाचायची चकती, फ्रीजमध्ये ठेवायची डबी असे त्याचे नाना प्रकार. माझी सगळी नोकरी एका सरकारी प्रयोगशाळेत पाण्याचे आणि अन्नाचे नमुने तपासण्यात गेली. आता गावी असते. शाळेचा पोषण आहार शिजवणाऱ्या बचत गटातल्या एकीने परवा विचारले, "ताई, हे मशीन आलं की मास्तरांनी आधी चव घ्यायची गरज उरणार नाही ना?" तिला जे सांगितले तेच इथे लिहिते आहे, कारण हा समज पसरला तर मुलांच्या जिवाशी गाठ आहे.

या सेन्सरना कळतो तो नासण्याचा वायू. मासळी किंवा कोंबडी नासू लागली की तिच्यावरचे जीवाणू ट्रायमिथाइल अमाइन, अमोनिया असे वायू सोडतात. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१९ साली साध्या कागदावर असा सेन्सर तयार केला. त्याचा खर्च एका नगाला जेमतेम दोन अमेरिकी सेंट. काम खरे आहे आणि मला फार मोलाचे वाटते. बंदरावरून बर्फात निघालेली मासळी घाटावरच्या बाजारात पोचेपर्यंत किती उतरली, हे असा कागद सांगू शकला तर गिऱ्हाईक आणि कोळीण दोघींचेही भले होईल. तरी बांगड्याची एक गोष्ट सांगते. तो उन्हात राहिला तर त्यात हिस्टामाइन नावाचे बाधणारे द्रव्य तयार होते. त्याला वास नसतो आणि कालवण कितीही उकळले तरी ते जात नाही.

नासवणारे जीवाणू आणि माणसाला आडवे पाडणारे जीवाणू ही दोन वेगळी मंडळी आहेत. तयार खाद्यपदार्थाच्या २५ ग्रॅम नमुन्यात साल्मोनेला एकही सापडता कामा नये, अशी कसोटी आम्ही लावत असू. एवढ्या थोड्या जीवाणूंचा वायू कोणत्या सेन्सरला कळणार? वाढणाऱ्याच्या हातावरच्या पिकलेल्या फोडातून स्टॅफिलोकोकस बासुंदीत उतरतो, तिथे विष तयार करतो, आणि बासुंदीचा रंग, वास, चव यांत काही फरक पडत नाही. पुन्हा उकळल्याने जीवाणू मरतो, विष तसेच राहते. बॅसिलस सीरियस या जीवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची झोपी गेलेली चिवट रूपे, भात शिजतानाही टिकतात. तोच भात मोठ्या पातेल्यात झाकून तासन् तास कोमट राहिला की ते जागे होतात. त्यांच्या एका विषावर तर आपल्या चुलीच्या आचेचा काहीच परिणाम होत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये लोणार तालुक्यातल्या सोमठाण्यात एकादशीच्या प्रसादानंतर शेकडो लोक आजारी पडले. झाडांना दोऱ्या बांधून सलाईनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. इतक्या जणांनी तो प्रसाद नाक मुरडून खाल्ला असेल, असे मला वाटत नाही. भगरीवर वाढणाऱ्या बुरशीचे विष हा आणखी निराळाच विषय.

म्हणजे वायूवरून घातक जंतू ओळखताच येत नाहीत का? येतात. आमच्या टेबलावर ते रोजचेच काम होते. लॅक्टोजच्या मीडियात, म्हणजे जीवाणू वाढवायच्या द्रवात, नमुना घालायचा, आत एक छोटी नळी उलटी ठेवायची आणि ट्यूब ३७ अंशांवर इन्क्युबेटरमध्ये ठेवून द्यायची. २४ ते ४८ तासांत उलट्या नळीत बुडबुडा धरला तर कोलिफॉर्मचा, म्हणजे मैल्याच्या दूषणाची खूण मानल्या जाणाऱ्या जीवाणूंचा, संशय पक्का धरून पुढच्या तपासण्या करायच्या. ही ड्युरहमची नळी शंभराहून अधिक वर्षे जुनी आहे. मोठ्या रुग्णालयांत रुग्णाचे रक्त ज्या बाटलीत घेतात तिच्या तळाशी आज कार्बन डायऑक्साइड ओळखणारा सेन्सर असतो, आणि त्यावरून रक्तातला जंतुसंसर्ग कळतो. या दोन्ही ठिकाणी जीवाणूंना आधी खुराक, ऊब आणि वेळ दिला जातो. ते वाढले की मग वायू मोजायचा. ताटातल्या अन्नावर यंत्र धरून हे साधणार नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात तर वाफ असते, लसणाची फोडणी असते, चुलीचा धूर असतो. गॅसगळतीच्या अलार्ममध्ये असतो तसा धातूच्या ऑक्साइडचा सेन्सर ओलाव्यानेही बिथरतो.

इंग्लंडमधल्या वॉरविक विद्यापीठात पेरसॉद आणि डॉड यांनी इलेक्ट्रॉनिक नाकाचा, म्हणजे वास ओळखणाऱ्या यंत्राचा, पाया घातला तो १९८२ साली. त्याच वर्षी मांजा, मौर्य आणि राव या आपल्या शास्त्रज्ञांनी पिण्याच्या पाण्यासाठी हायड्रोजन सल्फाइडची साधी चाचणी प्रसिद्ध केली. बाटलीत औषध लावलेला कागद असतो, खुणेपर्यंत पाणी भरून ती ठेवून द्यायची. पाण्यात मैल्यातून आलेले जंतू असतील तर त्यांतले काही हा वायू सोडतात आणि बाटली काळी पडते. थंडीत ती उबदार जागी ठेवावी लागते. मैल्याची खूण मानला जाणारा ई. कोलाय हा जीवाणू स्वतः हा वायू सहसा करत नाही, त्याच्या सोबतीला येणारे जीवाणू करतात, म्हणून ही चाचणी इशारा देते, शेवटचा निकाल देत नाही. जमिनीतल्या गंधकानेही क्वचित फसगत होते. पण तिला वीज लागत नाही, मोबाइल लागत नाही, आणि आमच्या जलसुरक्षकाला ती हाताखालची आहे. वायूवरून जंतू ओळखण्याचे तंत्र गावात आधीच पोचले आहे. ते विहिरीपाशी आणि नळाच्या टाकीपाशी थांबले आहे, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत आलेले नाही, याचे मला वाईट वाटते. खिचडी उकळते, पण ताटे, हात आणि वरून घातलेली कोथिंबीर ज्या पाण्याने धुतात ते पाणी उकळलेले नसते.

म्हणून शासनाकडे माझी मागणी आहे. शाळा, अंगणवाडी आणि आश्रमशाळेच्या प्रत्येक स्वयंपाकघराला दर महिन्याला ही बाटली द्या, आणि काळी पडली तर त्याच दिवशी टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडेल याची जबाबदारी नावानिशी ठरवा. सोबत अन्नात खुपसायचा थर्मामीटर द्या. वाढेपर्यंत अन्न ६० अंशांच्या वर राहिले तर जीवाणूंना वाढायला वावच मिळत नाही, आणि हे बचत गटातल्या बायका एका दुपारात शिकतात. मास्तरांनी आधी चव घेण्याचा नियम आहे तसाच राहू द्या.

आणि आपल्या वार्ताहरांना विनंती की यापुढे अशा सेन्सरची बातमी देताना संशोधकांना तीन प्रश्न विचारावेत: हा सेन्सर नासणे ओळखतो की रोगजंतू, कमीत कमी किती जीवाणू असले तर ओळखतो, आणि त्याआधी नमुना किती तास उबवावा लागतो. उत्तरे बातमीतच छापावीत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, जि. सातारा