कॅमेऱ्यांची जागा ठरवण्याआधी रहिवाशांना विचारावे

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
सहकारी गृहनिर्माण संस्था,
तालुका आर्वी, जिल्हा वर्धा.

विषय : सुरक्षेच्या कामात सर्व रहिवाशांना सामील करून घेण्याबाबत.

महोदय,

दिवाळीच्या सुट्ट्यांत आपल्या लेआऊटमधील दोन बंद घरे फुटल्यानंतर फाटकावर चौकीदार नेमण्याचे व चार कॅमेरे लावण्याचे कार्यकारिणीने ठरवले असून, त्यासाठीच्या वर्गणीची सूचना फलकावर लागली आहे. या खर्चाला माझा विरोध नाही. परंतु हा निर्णय घेताना येथे राहणाऱ्यांना कोणीही काही विचारले नाही, याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छिते.

चोर फाटकातून आले नव्हते. ते मागच्या बाजूने, जिथे कुंपणाची तार तुटलेली आहे आणि पलीकडच्या वावरातील तूर त्या दिवसांत माणूस झाकेल एवढी वाढलेली असते, तिथून आले. मोकळ्या प्लॉटांवरच्या कंबरभर गाजरगवतातून गेलेली ती पायवाट पहाटे कामाला येणाऱ्या बायांना ठाऊक आहे आणि चेंडू शोधायला जाणाऱ्या मुलांनाही ठाऊक आहे. त्या कोपऱ्यातील खांबावरचा दिवा पोळ्यापासून बंद आहे. तो ग्रामपंचायतीचा की संस्थेचा, एवढाच वाद आजवर झाला. कॅमेरे मात्र चारही फाटकाकडे तोंड करून लागणार आहेत.

यात माझीही चूक आहे, ती सांगितल्याशिवाय हे पत्र प्रामाणिक होणार नाही. त्या रात्री दोनच्या सुमारास शेजारच्या घरातून लोखंडी दार आपटल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला होता. घरची मंडळी गावाहून परतली असतील असे समजून मी कूस बदलली. ते लोक किती दिवसांसाठी गेले आहेत हे मला माहीत नव्हते आणि विचारायचे म्हटले तरी नऊ वर्षे शेजारी राहून त्यांचा फोन नंबर माझ्याकडे नव्हता. बाहेरगावी जाताना निदान दोन घरांना सांगून जावे व त्यांचे नंबर घेऊन ठेवावेत, एवढी पद्धत पडली असती तरी मी त्या रात्री फोन केला असता. चौकीदार असता तरी त्याला त्या आवाजाचा अर्थ माझ्याइतकाच लागला असता.

म्हणून माझी विनंती अशी की, वर्गणी गोळा करण्यापूर्वी एका संध्याकाळी दिवे लागणीनंतर कार्यकारिणीने रहिवाशांसह पायी फिरून संपूर्ण लेआऊटची पाहणी करावी. टोरांटो येथील मेट्रॅक या संस्थेने १९८९ मध्ये स्त्रियांना सोबत घेऊन अशी पाहणी सुरू केली आणि पुढे दिल्लीतही ती झाली. त्यामागचे तत्त्व साधे आहे की, ज्याला जिथे भीती वाटते त्यानेच ती जागा दाखवावी. आपल्या फेरीत शेवटच्या एसटीने परतणाऱ्या मुली हव्यात, कारण रपट्यावर बसणारी टोळकी त्यांनाच ओलांडावी लागतात. (जिल्ह्यात दारूबंदी आहे, पण रपट्याखालच्या बाटल्यांना तसे कोणी कळवलेले दिसत नाही.) भाडेकरूंनाही आवर्जून बोलवावे. ते सभासद नसल्यामुळे सभेला येत नाहीत, मात्र त्या फुटलेल्या दोनपैकी एका घरात भाडेकरूच राहतात.

तरुण मुलांनी रात्रीची गस्त घालण्याची तयारी दाखवली आहे, ती चांगली गोष्ट आहे. तथापि त्यांची नावे पोलीस ठाण्यात आधी द्यावीत आणि संशय आल्यास ११२ वर फोन करण्यापलीकडे कोणाला अडवू नये, हात तर मुळीच लावू नये, असा लेखी नियम असावा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले, हे आपण विसरू नये. याच कारणाने सूचनेतील ‘भटक्या लोकांना आत येऊ देऊ नये’ हे वाक्य काढून टाकावे. इंग्रजांनी १८७१ मध्ये काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला होता आणि तो १९५२ मध्ये रद्द झाला. आपल्या फलकावर त्याला पुन्हा जागा देण्याचे कारण नाही. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या ज्या बायांकडून आपण वर्षानुवर्षे पातेली घेतली, त्यांच्याविषयी ते वाक्य आहे.

एक-पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केल्यास एका महिन्यात विशेष सभा बोलवावी लागते, याची मला कल्पना आहे. परंतु सह्या गोळा करीत फिरण्याची वेळ येऊ नये, अशी इच्छा आहे. पाहणीसाठी येत्या रविवारी सायंकाळी सात वाजताची वेळ ठेवल्यास आमच्या ओळीतील सात घरांतून प्रत्येकी एक माणूस टॉर्च घेऊन येईल. तुटलेल्या कुंपणाची तार आम्ही तोपर्यंत आमच्या खर्चाने बांधून घेत आहोत.

आपली विश्वासू,
प्लॉट क्रमांक ३१ येथील सभासद