आई-बाबा, व्यायामाला वेगळा वेळ काढूच नका

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर व्यायामाचा विषय काढला की बाबांचं ठरलेलं, "आता या वयात काय", आईचं ठरलेलं, "दिवसभर घरात राबते तो काय व्यायाम नाही का", आणि मग दोघं मिळून विषय बदलता, म्हणून हे सगळं लिहूनच पाठवतेय, मधे कोणी तोडायला नको. बाबा चष्मा लावून वाचा, नाहीतर आई वाचून दाखवेल आणि तिला नको ते गाळेल.

मी जिमला जा म्हणत नाहीये, पहाटे उठा पण म्हणत नाहीये. व्यायामाला वेगळा वेळ काढायचा म्हटलं की तो निघत नाही, कोणाचाच निघत नाही, पाहुणे येतात, लाइट जातात, कंटाळा येतो आणि राहतंच ते. त्यापेक्षा जे तुम्ही न चुकता करताच त्यालाच हे चिकटवून टाकायचं. बाबा जग इकडचं तिकडे झालं तरी संध्याकाळच्या बातम्या सोडत नाहीत ना, मग मागच्या खोलीतली ती व्यायामाची सायकल टीव्हीसमोर आणा, वरचे टॉवेल काढा आणि हेडलाइन्स चालू असेपर्यंत हळूहळू पायडल मारा, चर्चा सुरू झाली की उतरा, त्या चर्चेने तसंही तुमचं बीपी वाढतं. "एवढ्याशाने काय होणार" म्हणू नका, जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करा म्हणते आणि आधी त्यात सलग १० मिनिटं तरी झाला पाहिजे अशी अट होती, ती २०२० च्या गाइडलाइन्समध्ये काढून टाकलीये. म्हणजे पाच मिनिटं आत्ता, सात मिनिटं मग, सगळं धरतात.

आई, तुझं राबणं मी नाकारत नाहीये, उलट तुझी बाजू घेणारा अभ्यास आहे. १९५३ साली जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने लंडनच्या डबलडेकर बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना छापली. ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर तिकिटं देत जिना वर-खाली, तर कंडक्टर लोकांना हार्टचा त्रास कमी. ते चढणं-उतरणं व्यायाम म्हणून नव्हतं, कामातच होतं सगळं. पण त्यांना श्वास वाढेल इतकं चढावं-उतरावं लागायचं आणि तू ओट्यासमोर तासभर एका जागी उभी असतेस, त्याने पाय दुखतात, दम नाही वाढत, हा फरक आहे बघ. म्हणून पाणी उकळेपर्यंत ओट्याला हात टेकवून टाचा वर-खाली करत जा आणि खुर्चीतून उठताना हात न टेकता उठून बघ, बसताना पण धप्पकन नाही, सावकाश. ६५ च्या पुढच्यांनी तोल आणि ताकद दोन्हीचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस तरी करावा असं त्याच गाइडलाइन्समध्ये आहे, कारण पडणं हीच खरी भीती असते.

आता तुझा गुडघा. तू म्हणालीस सायकल मारली की पुढून दुखतो, तर मला सीटचीच शंका आहे, चढायला सोपं पडावं म्हणून तुम्ही ती पार खाली करून ठेवलीये. सीट खाली असली की पायडल वर येताना गुडघा नको तेवढा दुमडतो आणि वाटीवर ताण येतो. बाबांना धरायला सांग, सीटवर बस, टाच पायडलवर ठेव आणि पायडल सगळ्यात खाली ने, पाय सरळ व्हायला पाहिजे. तेवढी उंची ठेवून मग चवड्याने मारलंस की खाली गेल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहतो, तसाच हवा. तो लोडचा गोल नॉब पण अगदी कमीवर ठेवा, जड पायडल दाबत बसण्यापेक्षा हलकं आणि भराभर फिरवलेलं गुडघ्याला बरं. तरी दुखलं तर थांब आणि डॉक्टरांना दाखव, ओढून-ताणून करू नकोस. आणि सायकलवर वजन सीट घेते म्हणून गुडघ्याला आराम, पण त्याचमुळे हाडांना काही फारसं मिळत नाही, त्यासाठी पायावर भार यायला लागतो, तेव्हा चालणं बंद करायचं नाही. जेवणानंतर दोघांनी एक फेरी मारा, स्नायू हलले की रक्तातली साखर वापरली जाते, बाबांना त्याची गरज आहेच.

बाबा, तुम्हाला जुनी दांड्याची सायकल बाहेर काढायची आहे हे आईने सांगितलंय मला. काढा, पण ती नको. पाय मागून टांग मारून टाकायचा आणि तसाच उतरायचा यातच तोल जातो, चालवताना एवढा जात नाही. बिनदांड्याची घ्या, लेडीज सायकल म्हणून लाजू नका, हेल्मेट घाला आणि गर्दी नसताना जवळची कामं त्यावर करा, औषधं आणणं वगैरे. "या वयात" वाल्यांसाठी सांगते, फ्रान्सचे रॉबेर मार्शां साठी उलटल्यावर परत सायकलकडे वळले आणि जानेवारी २०१७ मध्ये १०५ व्या वर्षी त्यांनी एका तासात २२.५ किलोमीटर सायकल मारली. तुम्ही औषधाच्या दुकानापर्यंत जा, मला चालेल.

सुरू करायच्या आधी डॉक्टरांना एकदा विचाराच, बीपीच्या काही गोळ्यांनी हृदयाचे ठोके फार वाढतच नाहीत म्हणून घड्याळातल्या आकड्यावर जाऊ नका, साखरेच्या काही गोळ्यांनी साखर एकदम खाली येऊ शकते, तुमच्या कुठल्या त्यातल्या आहेत ते तेच सांगतील. झटकन उतरायचं पण नाही, शेवटची दोन-तीन मिनिटं अगदी हळू फिरवा, नाहीतर रक्त पायातच राहतं आणि चक्कर येते. छातीत दडपलं, घाम फुटला तर मला फोन करायच्या आधी दवाखान्यात जा, मुलीला त्रास नको वगैरे विचार तेव्हा करायचा नाही.

किती जोरात मारायचं याचं माप सोपं आहे, बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये. तर शनिवारी मी फोन करेन तेव्हा बाबांनी सायकलवर बसूनच बोलायचं, स्पीकर चालू ठेवून, धाप लागली तर मला ऐकू येईलच आणि पायडल थांबले तरी ऐकू येईल. सीटचा बोल्ट त्याआधी घट्ट करून घ्या, तो ढिला आहे.

तुमचीच,
लेक