प्रोफाइल बदलल्यावर रुसलेला पीसी उठवायला शिकवणाऱ्या दादांना उघड पत्र

आदरणीय दादा,
सप्रेम नमस्कार.

ओव्हरक्लॉकिंगचं, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगाने मशीन चालवायच्या सेटिंगचं, प्रोफाइल बदलल्यावर पीसी सुरूच होत नाही, तेव्हा काय करायचं याचं टिपण तुम्ही आम्हा जुळणी-दुरुस्तीवाल्यांसाठी मराठीत लिहून दिलंत. त्याचे आभार खासगीत मानून भागणार नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर. ज्यांच्या हाती ते टिपण पडलेलं नाही, त्यांनाही त्यातलं मर्म कळावं एवढाच हेतू.

आपल्याकडे 'डिस्प्ले येत नाही' म्हटलं की हात आधी खोडरबराकडे जातो. रॅम काढायची, सोनेरी पट्टी घासायची, परत बसवायची. तुमची पहिलीच सूचना: कशालाही हात लावू नका, घड्याळ बघा. एएम५ (एएमडीच्या प्रोसेसरच्या) मदरबोर्डावर डीडीआर५ रॅमचा वेग मूळच्या ४८०० वरून एक्स्पोच्या, म्हणजे रॅमसोबत येणाऱ्या जास्त वेगाच्या प्रोफाइलच्या, ६००० मेगाट्रान्सफरवर नेला की बोर्ड प्रत्येक डेटा लाइनची वेळ आणि व्होल्टेज नव्याने जुळवून बघतो. हेच मेमरी ट्रेनिंग. तेवढा वेळ स्क्रीन काळी, पंखे फिरतात आणि बोर्डाच्या कडेला डीरॅमचा (रॅमची तपासणी चालू असल्याचा) दिवा लागलेला असतो. मध्येच मशीन आपणहून बंद होऊन परत चालू होतं. ती जुळवणीची फेरी असते, बिघाड नव्हे. १६ जीबीच्या दोन स्टिक असतील तर साधारण काही मिनिटांत उरकतं, क्षमता जास्त असेल तर दहा मिनिटांच्याही वर जातं. घाबरून मध्येच बटण दाबलं की पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून. 'रात्रभर चालू-बंद करतोय, काही होत नाही' या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा ते चालू-बंद करणंच असतं. पंधरा मिनिटं मशीन तसंच ठेवायचं हा तुमचा नियम आम्ही जसाच्या तसा उचलला आहे.

त्यानंतरही काही नाही झालं, तरच सीमॉस क्लिअर, म्हणजे बोर्डात जतन झालेलं सेटिंग पुसणं. इथे तुमचा क्रम महत्त्वाचा: एसएमपीएसचं (वीजपुरवठ्याच्या डब्याचं) बटण बंद, वायर काढायची, मग कॅबिनेटचं पॉवर बटण दाबून उरलेला करंट उतरवायचा आणि त्यानंतरच बोर्डावरच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दहा सेकंद जोडायच्या. असुसच्या बोर्डावर त्यांच्याजवळ सीएलआरटीसी छापलेलं असतं, एमएसआयवर जेबॅट१. वायर लावलेली असताना हे केलं तर सेटिंग पुसलं जाईल याची खात्री नाही, आणि टोक घसरून शेजारच्या पिनेला लागलं तर भलतंच होऊन बसतं. सेटिंग जपणारा बोर्डावरचा सेल सहसा ग्राफिक्स कार्डाच्या खाली दडलेला असतो. कार्ड काढलंच आहे तर हा सीआर२०३२ सेल मल्टिमीटरवर बघून घ्या, हा तुमचा सल्ला लाखमोलाचा. नवा सेल ३ व्होल्ट किंवा किंचित जास्त दाखवतो. २.८ च्या खाली असेल तर विचार न करता बदला. उतरलेल्या सेलमुळे वायर काढल्यावर सेटिंग विसरलं जातं आणि दोष मात्र प्रोफाइलवर येतो.

पण तुमचे खरे आभार मानायचे ते पुढच्या गोष्टीसाठी. एक्स्पो किंवा एक्सएमपी (त्याचाच इंटेलकडचा भाऊ) हे रॅमच्या चिपमध्ये लिहिलेलं असतं आणि त्याचा संबंध मुख्यतः रॅमपुरता. बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगच्या पानांत) आपण नाव देऊन जतन करतो ते प्रोफाइल मात्र जवळपास सगळंच सेटिंग उचलून आणतं: बूटचा क्रम, सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करणं), सिक्युअर बूट (फक्त खात्रीची प्रणाली सुरू होऊ देणं), रेडचा मोड (डिस्क एकत्र जोडायची पद्धत), एफटीपीएम (प्रोसेसरमधली चाव्या जपणारी सोय). त्यामुळे वेग बदलायला गेलेल्या माणसाला वेगळ्याच ठिकाणी ठेच लागते. जुन्या प्रोफाइलमध्ये सीएसएम बंद आणि डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीची असेल, तर विंडोज सापडतच नाही. इंटेलच्या बोर्डावर व्हीएमडी (डिस्क सांभाळणारी इंटेलची सोय) चालूचं बंद झालं, की विंडोजचा लोगो येतो आणि मागोमाग 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' अशी निळी स्क्रीन. इथे रॅमचा काही संबंध नाही. ते एक सेटिंग पूर्ववत केलं की मशीन निमूट चालू होतं. विंडोज नव्याने टाकायची घाई करणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

एफटीपीएम किंवा सिक्युअर बूटला धक्का लागला की बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे त्याची चावी, मागतो. म्हणून प्रोफाइल बदलण्याआधी विंडोजमध्ये जाऊन बिटलॉकर 'सस्पेंड' (तात्पुरतं थांबवून ठेवायचं) करायचं आणि रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये आहे का ते फोनवर उघडून बघायचं. बोर्डाने एफटीपीएम रीसेट करू का असं विचारलं आणि ग्राहकाकडे रिकव्हरी की नसेल, तर उत्तर 'नाही'. हो म्हणून बसलात तर त्या डिस्कवरचा डेटा गेला असंच समजा.

बायोस अपडेटनंतर जुनं प्रोफाइल लोड करू नका, हेही तुम्ही कारणासकट लिहिलंत. एप्रिल २०२३ मध्ये एएमडीचे रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर जळल्याच्या घटना समोर आल्या, त्यानंतर एएमडीने बायोसमधून एसओसी (प्रोसेसरमधल्या रॅम वगैरे सांभाळणाऱ्या भागाच्या) व्होल्टेजला १.३ व्होल्टची मर्यादा घातली. त्याआधीच्या प्रोफाइलमधले आकडे कशाला परत आणायचे? अपडेटमध्ये प्रोफाइल बऱ्याचदा पुसलंही जातं. त्यावर तुमचा उपाय साधा आहे. फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह लावायचा, बायोसच्या प्रत्येक पानावर एफ१२ दाबून चित्र घ्यायचं आणि अपडेटनंतर आकडे बघून हाताने भरायचे. अर्धा तास जातो, पण नंतरची डोकेदुखी वाचते.

चार स्टिकवाल्यांसाठी तुमचं टिपण थोडं कठोर आहे, आणि ते योग्यच आहे. दोन स्टिकवर बनवलेलं ६००० चं प्रोफाइल चार स्टिक घातल्यावर उठेलच असं धरून चालू नये. रायझन ७००० साठी एएमडीची अधिकृत मर्यादा दोन स्टिकला ५२०० आणि चार स्टिकला ३६०० आहे. दोनच असतील तर त्या ए२ आणि बी२ मध्ये, म्हणजे प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत.

एका मुद्द्यावर मात्र तुमच्याशी मतभेद आहे. मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोर (रॅमची मागची जुळवणी जपून पुन्हा वापरणं) कायमचं बंद ठेवा असं तुम्ही म्हणता. ते बंद असलं की दर वेळी नव्याने ट्रेनिंग होतं आणि ग्राहक 'मशीन स्लो झालं' म्हणून परत येतो. प्रोफाइल बदलण्याआधी ते बंद करावं, म्हणजे जुन्या जुळवणीचे अवशेष राहत नाहीत, इथपर्यंत मान्य. चाचणी पार पडल्यावर पॉवर डाउनसकट (रॅमची वीज वाचवणाऱ्या सेटिंगसकट) ते चालू करायला हरकत नसावी. ते चालू आणि पॉवर डाउन बंद अशी जोडी बऱ्याच बोर्डांवर निळी स्क्रीन दाखवते, तेवढी टाळायची.

चाचणीही तुमचीच: रीस्टार्टवर विश्वास ठेवायचा नाही. रीस्टार्टला उठणारं प्रोफाइल सकाळी थंड मशीनवर अडकतं. म्हणून एसएमपीएस बंद करून, बोर्डावरचे दिवे विझल्यावर, पुन्हा चालू करून बघायचं आणि मग मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या चारही फेऱ्या. विंडोजचं फास्ट स्टार्टअप त्याआधी बंद हवं, कारण त्यात शटडाउन पूर्ण होतच नाही, कर्नल (विंडोजचा गाभा) डिस्कवर झोपवून ठेवलेलं असतं. आणि मशीन उठतं, पण काही काम नसताना निवांत असतानाच अचानक रीस्टार्ट होतं, अशी तक्रार असेल तर रॅम सोडून कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रत्येक कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारं सेटिंग) बघायचं. उणे ३० सगळ्या कोअरना झेपत नाही. दमदार लोडमध्ये टिकलेला कोअर कमी व्होल्टेजवर निवांत बसल्यावर कोसळतो.

तुमच्या टिपणात एक भर सुचवतो. नागपूर-चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यासाठी अनेकजण ६५ वॉटच्या इको मोडचं (प्रोसेसरने कमी वीज घेण्याचं) वेगळं प्रोफाइल ठेवतात. त्यात रायझन ७७००एक्स प्रोसेसरची वीजमर्यादा १४२ वॉटवरून ८८ वर येते. एवढ्यासाठी अख्खं प्रोफाइल लोड करायची गरज नाही. बायोसमधल्या पीबीओच्या (प्रोसेसरच्या वीज-वेगाच्या सेटिंगच्या) पानावर तेवढं एकच सेटिंग बदललं तर रॅमच्या आकड्यांना हातच लागत नाही. पुढच्या आवृत्तीत हे घ्यावं, आणि इंटेलच्या बोर्डांचा भाग जरा वाढवावा, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपले,
जुळणी-दुरुस्तीच्या टेबलावरचे आम्ही सगळे